चालकाशी बोलू नये

मला गाडी लागते. आजची गोष्ट नाही ही, लहानपणापासूनची आहे. मामाच्या गावाला जाताना पहिल्या फाट्यालाच माझी मान खिडकीबाहेर जायची, आणि आई मागच्या खिडकीतल्या लोकांची आधीच माफी मागून ठेवायची. लिंबू चोखून झालं, लवंग चावून झाली, पोटावर वर्तमानपत्र बांधून झालं. कशाचा म्हणून उपयोग नाही. आणि अशा मुलीला नवरा कोण मिळावा? बसचा ड्रायव्हर. माझी धाकटी बहीण अजून म्हणते, ज्यानं तुमच्या पत्रिका जुळवल्या त्याला आधी एकदा घाटातून तुझ्या शेजारी बसवून न्यायला हवं होतं.

बरं, ड्रायव्हर तर ड्रायव्हर, माणूस लाखात एक आहे. पण आपल्या देशात राहिला असता तर काय बिघडलं असतं? सात वर्षांपूर्वी आम्ही इकडे आलो. चार वर्षं यांनी गोदामात खोकी उचलली, मग इकडचा परवाना काढला आणि लांब पल्ल्याची गाडी मिळवली. दहा तासांचा रस्ता. सोमवारी जायचं, मंगळवारी यायचं, बुधवारी झोपायचं. गुरुवारी पुन्हा जायचं, शुक्रवारी यायचं, शनिवारी पुन्हा झोपायचं. आणि आमचे हे झोपतात म्हणजे मन लावून झोपतात. मी घरात मांजरीच्या पावलांनी फिरते. राहिला रविवार. तर रविवारी नेमकी माझी पाळी. मी हॉस्पिटलच्या शिवणखोलीत काम करते. चादरींच्या कडा मारायच्या, डॉक्टरांच्या कोटांची बटणं लावायची, ऑपरेशनच्या गाऊनच्या नाड्या शिवायच्या. त्या नाड्या डॉक्टर लोक रोज कशा तोडतात हे देवालाच ठाऊक. सोडायला शिकलेच नाहीत बहुतेक.

मला दर दुसऱ्या आठवड्याला गुरुवार-शुक्रवार सुट्टी असते. पहिले काही महिने मी ती सुट्टी रिकाम्या घराच्या भिंतींकडे बघत काढली. मग एके दिवशी डोकं फिरलं आणि सरळ यांच्याच गाडीचं तिकीट काढलं. म्हटलं, नवरा घरी येत नाही ना, आपण त्याच्या मागे जाऊ. तेव्हापासून तीन वर्षं होत आली, दर दुसऱ्या गुरुवारी मी पहिल्या रांगेत, बरोबर यांच्या पाठीमागे बसते. पलीकडे पोचलं की मी समोरच्या लॉजवर, हे ड्रायव्हरांच्या विश्रांतिगृहात. तिथे बायकांना आत सोडत नाहीत. संध्याकाळी तास-दीड तास एका बाकावर बसून बोलतो, मग यांना सक्तीची झोप. सकाळी पुन्हा दहा तास परतीचे.

दहा तास एकत्र असतो असं कुणाला वाटेल. कसले एकत्र? यांच्या डोक्यावर मोठी पाटी लावली आहे, 'गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये.' पाटीच्या वर कॅमेरा. चालक कुणाशी बोलताना दिसला की लगेच लेखी ताकीद. म्हणजे मी मागून यांची मान, कान आणि आरशातली एक भुवई बघायची, आणि यांनी रस्ता बघायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

त्या बुधवारची गोष्ट सांगते. मी कामावरून आले तेव्हा हे जेवून झोपलेले होते. पहाटे साडेतीनला उठायचं असतं. मी यांचा उद्याचा शर्ट इस्त्रीला घेतला, खिसे तपासले, तर वरच्या खिशात घडी घातलेला कागद. घडीवर तो इतका झिजला होता की महिनाभर तरी खिशातून खिशात फिरत असणार. उघडला. शहरातल्या बससेवेत बदलीचा अर्ज. सकाळी सहा ते दुपारी दोन ड्युटी, रोज संध्याकाळ घरी, रविवारी सुट्टी. वर यांचं नाव, बिल्ला क्रमांक, बाकी सगळं कोरं. आणि खाली जाड अक्षरात शेवटची तारीख. दुसऱ्या दिवशीची. गुरुवार, दुपारी चार वाजेपर्यंत, पलीकडच्या डेपोत, कारण यांचे साहेब तिथे बसतात.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या गोष्टीसाठी मी तीन वर्षं देव पाण्यात घालून बसले होते, ती या माणसाच्या खिशात महिनाभर पडून होती, आणि याला चार ओळी भरायला हात उचलला नाही? गदगदा हलवून उठवावं असं वाटलं. पण पहाटे पन्नास माणसं घेऊन जाणाऱ्याची झोप मोडू नये, एवढं लग्नानंतर मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. मी अर्ज माझ्या पर्समध्ये टाकला, शर्ट नको इतका कडक इस्त्री केला, आणि रात्रभर कूस बदलत राहिले. खरं सांगू? रागापेक्षा भीती जास्त होती. यांना घरी यायचंच नसेल तर?

पहाटे मला जाग आली तेव्हा हे डेपोत गेलेसुद्धा होते. गाडी तपासायला तासभर आधी जावं लागतं. मी साडेपाचच्या ठोक्याला गाडीत चढले, नेहमीच्या सीटवर बसले. यांनी आरशातून बघितलं, भुवई वर केली, म्हणजे 'आलीस का.' मग हात वरच्या खिशाकडे गेला, खिसा चाचपला, पुन्हा चाचपला. मी खिडकीबाहेर बघत बसले. चाचपा म्हटलं.

प्रवास तर असा की वैऱ्यावरही येऊ नये. मागे एकजण बूट काढून बसला, त्याच्या मोज्यांनी अख्ख्या गाडीला सलामी दिली. त्याच्या पलीकडची बाई फोनवर कुणाला तरी स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची हकीकत सांगत होती, आणि तो कुणीतरी बहुतेक बहिरा होता. माझ्या सीटची पाठ मागे जात नाही, पुढेही येत नाही, तिच्या मनाला येईल तेव्हा आपोआप कलते. थंडगार वारा नेमका माझ्या टाळूवर. गाडीतल्या संडासाला कुलूप. का, तर तो दुरुस्त केला आहे आणि पुन्हा बिघडू नये. शेजारी एक इकडच्याच आजी होत्या. हातात लोकरीचं विणकाम, तोंडावर हसू, आणि दर अर्ध्या तासाला पुदिन्याची गोळी पुढे करायच्या. त्या म्हणजे त्या दिवसाची एकमेव चांगली गोष्ट.

साडेआठला पहिला थांबा, वीस मिनिटांचा. मी मनाशी भाषण तयार ठेवलं होतं. हे खाली उतरले तशी मी पर्समधून अर्ज काढून यांच्या नाकासमोर धरला आणि विचारलं, हे काय आहे. यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. म्हणाले, तुझ्याकडे आहे होय. मी म्हटलं, हो, माझ्याकडेच आहे, आता सांगा का नाही भरला. हे तोंड उघडणार तेवढ्यात एक प्रवासी धावत आला, त्याची काळी बॅग कुणीतरी पळवली म्हणून. डिकी उघडा, सगळ्या बॅगा खाली काढा, पुन्हा भरा. शेवटी बॅग सापडली कुठे? त्याच्याच खांद्याला अडकवलेली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यात आमची वीस मिनिटं गेली, वर आणखी दहा गेली. यांनी चढता चढता एवढंच म्हटलं, "नंतर बोलू." हे 'नंतर' मी लग्नापासून ऐकते आहे.

पुढचे सव्वातीन तास मी मूग गिळून बसले. यांच्या मानेकडे बघून मनात भांडले. एकदा वाटलं, यांना त्या रस्त्याचीच सवय लागली असेल. एकट्यानं बसायची, कुणी विचारायचं नाही, कुणी बोलायचं नाही. एकदा वाटलं, मी फार कटकट करते का? करतेच थोडी. पण तेवढ्यासाठी माणूस घर टाळेल? डोळ्यांत पाणी आलं ते मी गाडी लागल्याच्या नावावर खपवलं. आजींनी गोळी दिली.

सव्वाबाराला दुसरा थांबा. इथून पुढे दीड तास घाट, आणि मग शेवटपर्यंत सपाट रस्ता. हे टायर बघायला मागे गेले आणि मी बायकांच्या रांगेत उभी राहिले, कारण पोट काही भाषणासाठी थांबत नाही. रांगेत माझ्या पुढे तिकीट तपासणाऱ्या बाई होत्या. त्या या थांब्यावर नेहमी असतात, मला तोंडओळखीनं ओळखतात. बोलता बोलता त्यांनी सहज विचारलं, आज तुमचा दिवस का? मग तर गाडी उशिरानंच पोचणार.

मी म्हटलं, म्हणजे?

त्या हसल्या. म्हणाल्या, तुम्हाला माहीत नाही? सगळ्या डेपोला माहीत आहे. एरवी घड्याळ लावावं असा तुमचा नवरा. फक्त दर दुसऱ्या गुरुवारी वीस-पंचवीस मिनिटं उशीर. घाटात पाटीवर चाळीसचा वेग लिहिला आहे, तिथे तो तीसनं चालवतो. प्रत्येक वळणावर. आम्ही त्या दिवसाला बायकोवार म्हणतो.

तीन वर्षं मी समजत होते की माझं पोट हळूहळू सुधारतंय. पहिल्या काही फेऱ्यांत पिशव्या भरायच्या, मग एकदम कमी झालं. मी बहिणीला अभिमानानं सांगितलंही होतं की सवयीनं सगळं जमतं. सवय कसली आणि काय.

मग बाईंनी पुढचं सांगितलं. बदलीच्या अर्जाला नियम आहे. मागच्या तीन महिन्यांत उशिराच्या नोंदी सहापेक्षा जास्त नकोत. सहापर्यंत चालतं, सातवी आली की साहेब अर्ज हातातसुद्धा घेत नाहीत. यांच्या बरोबर सहा झाल्या होत्या. सगळ्या गुरुवारच्या, सगळ्या जातानाच्या. परतीचं वेळापत्रक सैल असतं म्हणून ते निभावतं. शिवाय त्या सहाही नोंदींपुढे कारण लिहायला हवं, आणि यांनी रकाना कोरा ठेवला आहे. विचारलं की नुसते हसतात म्हणे. त्या म्हणाल्या, आज सातवी होणार, आणि आजच शेवटची तारीख.

मी विचारलं, आत्ता किती उशीर आहे. दहा मिनिटं, त्या म्हणाल्या. सपाट रस्त्याला दहा मिनिटं सहज भरून निघतात. घाटात गेलेली मात्र नाही निघत.

मी रांग सोडून पळत सुटले. पण हे सीटवर बसले होते, इंजिन चालू, दार मिटायच्या बेतात. मी चढले, दार माझ्या पाठीवर मिटलं, आणि गाडी हलली. वर पाटी, पाटीवर कॅमेरा. आता बोलले तर ताकीद, आणि ताकीद म्हणजे अर्जाची वाटच लागली. नाही बोलले तर हे घाटात तीसनं चालवणार, आणि सातवी नोंद माझ्याच नावानं होणार. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्यामुळे, मला हवी असलेली एकच गोष्ट हातची जाणार. आणि मी मागे बसून बघणार.

समोर डोंगर दिसायला लागला. पहिल्या चढाला यांनी वेग कमी केला तो मला पोटात कळला. किती अलगद. जणू गाडीत कुणी बाळ झोपलंय.

तेव्हा मला माझी आजी आठवली. आजीला सुनेला काही सुनवायचं असलं की ती लेकीला हाक मारायची. लेकी बोले सुने लागे. चालकाशी बोलू नये असं पाटीवर आहे ना? शेजारच्या आजींशी बोलू नये असं कुठे लिहिलं आहे?

मी आजींकडे वळले आणि चांगल्या खणखणीत मराठीत सुरुवात केली. म्हटलं, "आजी, काही माणसं स्वतःला फार शहाणी समजतात. बायकोला गाडी लागते म्हणून गाडी हळू चालवतात, सहा-सहा नोंदी करून घेतात, आणि बायकोला चकार शब्द सांगत नाहीत."

आजींना एक अक्षर कळलं नाही. पण बाई काहीतरी मनातलं बोलते आहे एवढं कळलं, आणि त्यांनी विणकाम खाली ठेवून माझ्याकडे लक्ष दिलं. पुढे यांचे कान लाल झाले. दोन्ही.

"आजी, तपासणीच्या बाईंनी मला सगळं सांगितलंय. आज उशीर झाला तर अर्ज गेला. तेव्हा घाट नेहमीच्या वेगानं घ्यायचा. पाटीवर चाळीस आहे तर चाळीस. एकोणचाळीससुद्धा मला चालणार नाही."

आजींनी मान डोलावली. हे काहीच करू शकत नव्हते, कॅमेरा यांच्या तोंडावर होता. गाडी तशीच, तीसनं. मला वाटलं, ऐकलं नाही की काय. मग यांचा हात माईककडे गेला. घाट सुरू झाला की सूचना द्यायची असतेच, पट्टे बांधा, उभे राहू नका. ती यांनी इकडच्या भाषेत व्यवस्थित दिली. प्रवाशांनी पट्टे बांधले. आणि मग त्याच आवाजात, त्याच संथ सुरात, अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा मराठीत आमचे हे म्हणाले:

"पहिल्या रांगेतल्या बाईंना सूचना. पुढे एकशे बारा वळणं आहेत. तुम्हाला सोसणार नाही."

मागे त्या मोजेवाल्यानंही उगाच पट्टा पुन्हा तपासला. मी आजींना म्हटलं, "आजी, माझ्याकडे पिशव्या आहेत. ओकून कुणी मेल्याचं मी अजून ऐकलेलं नाही."

दोन वळणं गेली. माईक पुन्हा खरखरला. "सूचना. तुला कळलं असतं तर तू यायचं बंद केलं असतंस. मग बदलीही झाली नसती तर? तेलही गेलं, तूपही गेलं. मला हा गुरुवार सोडवेना. पंधरा दिवस मी त्याच्यावर काढतो. धन्यवाद."

'धन्यवाद' सवयीनं म्हणाले, सूचनेच्या शेवटी म्हणायचंच असतं. मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. रात्रभर मी काय काय विचार केला होता, आणि या वेड्यानं काय केलं होतं. आजींनी माझा हात हातात घेतला. त्यांना वाटलं, माझ्या घरी कुणीतरी गेलं.

मी त्यांचा हात घट्ट धरला आणि म्हटलं, "आजी, यांना सांगा, मला मळमळ चालते. हे घरी नसलेले चालत नाहीत. मला रोज संध्याकाळी दार उघडणारा माणूस हवाय. आता गाडी चालवा नीट."

मग इंजिनाचा आवाज बदलला. गाडीनं वेग धरला. काट्यानं चाळीस गाठले, आणि तिथेच राहिला.

त्यानंतरचा सव्वा तास मी सविस्तर सांगत नाही. जेवणाच्या वेळी कुणी वाचत असेल. एवढंच सांगते की एकशे बारा वळणं मी मोजली नाहीत, माझ्या पोटानं मोजली. विसाव्याला पहिली पिशवी, चाळिसाव्याला दुसरी. आजींनी विणकाम पिशवीत कोंबून माझी पाठ चोळायला घेतली. मोजेवाल्यानं स्वतःची पाण्याची बाटली पुढे पाठवली, त्याला मी मनातल्या मनात सगळं माफ केलं. गुडघ्यावाल्या बाईंनी फोन बंद केला, आणि तिकडून कोरडा टॉवेल आला. आरशात यांची भुवई दर दोन मिनिटांनी वर यायची. प्रत्येक वेळी मी हात हलवायची, 'चालू द्या.' एकदा यांचा पाय सैल झाला, वेग पडला. मी आजींना एवढं मोठ्यानं म्हटलं, "चाळीस," की त्या दचकल्या.

घाट उतरलो तेव्हा माझ्या अंगात त्राण नव्हतं. काचेला डोकं टेकून मी घड्याळाकडे बघत राहिले. सपाट रस्त्यावर पाच मिनिटं भरून निघाली. मग सात. एका ठिकाणी रस्त्याचं काम निघालं, तिथे माझा जीव टांगणीला लागला. कामगारांनी आम्हाला थांबवलं, समोरून एक लांबलचक रांग सोडली, एक ट्रक, दुसरा ट्रक, आणि शेवटी एक सायकलवाला, तोही सावकाश. मग आम्हाला सोडलं, आणि पुढच्या मोकळ्या रस्त्यावर तोही वेळ भरून निघाला. डेपोच्या फाटकातून गाडी आत शिरली तेव्हा वर लाल आकड्यांत तीन वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. वेळ साडेतीनची.

आजी उतरताना माझा गाल थोपटून गेल्या. त्यांची लेक घ्यायला आली होती, तिला त्या बोट दाखवून काहीतरी सांगत होत्या. त्यांना माझं जे काही दुःख वाटलं ते त्यांनी तिलाही सांगितलं असणार, कारण तीही माझ्याकडे कळवळून बघत होती.

सगळे प्रवासी उतरल्यावर हे माझ्याशेजारी येऊन बसले. इंजिन बंद, तेव्हा बोलायला परवानगी होती. माझ्या कपाळावरचे ओले केस मागे सारले, आणि म्हणाले, "चालवेल का तुला ऑफिसपर्यंत?" मी म्हटलं, चालत नाही तर रांगत येईन, पण चार वाजायच्या आत.

साहेबांची खोली म्हणजे एक टेबल, तीन कपाटं आणि भिंतभर किल्ल्या. साहेब बारीक, चष्मा कपाळावर. यांनी तिथेच उभ्या उभ्या अर्ज भरला. साहेबांनी तो वाचला, मग नोंदवही काढली, तीन महिन्यांची पानं उलटली आणि सहाही गुरुवारांवर बोट ठेवलं. नोंदी सहा, म्हणजे बसतं नियमात, ते म्हणाले. पण कारणं कोरी आहेत. कारणाशिवाय शिक्का मारता येत नाही. वाहतूक, पाऊस, टायर, काय ते लिहा.

त्यांनी शब्दच पुरवले होते, खरं तर. यांनी पेन घेतलं आणि तसेच थांबले. मी यांना ओळखते. यांना खोटं बोलता येत नाही, फक्त गप्प राहता येतं, आणि आयुष्यभर त्यालाच हे प्रामाणिकपणा समजत आले आहेत. मी म्हटलं, "खरं असेल ते लिहा. नाही दिली बदली तर नाही दिली. मी येत राहीन, पिशव्या घेऊन."

यांनी माझ्याकडे बघितलं. मग वाकून लिहायला लागले. पहिल्या गुरुवारपुढे लिहिलं, पान उलटलं, दुसऱ्यापुढे लिहिलं. सहा वेळा. इकडची लिपी मला आता वाचता येते. सहाही ठिकाणी तीनच शब्द होते. 'पत्नी गाडीत होती.'

साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. हिरवट चेहरा, ओले केस, हातात दुसऱ्याचा टॉवेल. ते काही बोलणार तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की यांचं पेन अजून चालूच आहे. हे शेवटच्या पानावर होते, आजच्या तारखेला. वेळ तीन अठ्ठावीस, उशीर नाही. तिथेही यांनी तेच तीन शब्द लिहिले होते.

साहेब म्हणाले, वेळेवर आलात तर कारण लिहायची गरज नसते.

हे म्हणाले, साहेब, आज वेळेवर आलो त्याचंही कारण हेच आहे.

साहेबांनी शिक्का शाईच्या गादीवर दाबला. मला यांच्याकडे बघवेना, म्हणून मी भिंतीवरच्या किल्ल्या मोजायला लागले, आणि शिक्का उमटल्याचा आवाज आला तेव्हा यांनी साहेबांच्या देखत माझा हात धरलेला होता.